वहीतला पाऊण तास

गेल्या पावसाळ्यात पिनियनचा एक लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला, तिथून हे सगळं सुरू झालं. केस डेप्थ, म्हणजे पोलादावरच्या कडक सालीची जाडी, ०.८ ते १.० मिलिमीटर हवी होती. मालासोबत भट्टीत घातलेल्या आमच्या टेस्ट पीसवर १.०० आली होती, त्यांच्या लॅबमध्ये १.०३ भरली. माल काठावरून पलीकडे गेला. मी भट्टीच्या नोंदींची वही उघडून पाहिली, तर तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तापमान ९२५, वेळ नेहमीची, भट्टी नेहमीची, भट्टीवरची माणसंही नेहमीचीच.

मी भोसरीतल्या एका छोट्या हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये सोळा वर्षं मेटलर्जीचं काम बघते. आमचं मुख्य काम कार्बुरायझिंग. कमी कार्बनच्या पोलादाचे गिअर, पिनियन, शाफ्ट बास्केटमध्ये रचून भट्टीत सोडायचे. आत मिथेनॉल थेंबाथेंबाने पडत असतं, जोडीला थोडा एलपीजी. त्यातून कार्बन सुटतो आणि लाल झालेल्या पोलादात मुरत जातो. मग सगळा चार्ज, म्हणजे एका वेळी भट्टीत गेलेला सगळा माल, गरमागरम तेलात. बाहेरची साल काचेसारखी कडक होते, गाभा चिवट राहतो. ही साल किती जाड झाली ते टेस्ट पीस कापून, पॉलिश करून, काठापासून आत आत कडकपणा मोजणारे व्हिकर्सचे ठसे घेत मोजायचं. कडकपणा जिथे ५५० वर उतरतो, ती खोली म्हणजे केस डेप्थ.

ही खोली वेळेच्या वर्गमूळाने वाढते. चार तासांत मिळते तिच्या दुप्पट हवी असेल, तर आठ तास पुरत नाहीत, सोळा लागतात. यामागचा विसरणाचा, म्हणजे एका पदार्थाचे कण दुसऱ्यात पसरत जाण्याचा, नियम आडोल्फ फिक यांनी १८५५ साली मांडला, आणि ते होते शरीरशास्त्रज्ञ. १९४३ मध्ये हॅरिस नावाच्या अमेरिकन धातुतज्ज्ञाने कारखान्यात वापरता येईल असं सूत्र दिलं. ९२७ अंशांना तासांचं वर्गमूळ घ्या, ०.६३५ ने गुणा, एकूण खोली मिलिमीटरमध्ये मिळेल. आम्ही मोजतो ती खोली याहून कमी भरते, म्हणून प्रत्येक शॉपचा आपला आपला गुणक असतो. आमचा ०.५ होता. तो कोणी, कधी ठरवला ते मला कुणीच सांगू शकलं नाही. भिंतीवरच्या तक्त्यात होता आणि आम्ही वापरत होतो.

माझा भाचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडेच राहतो. लॉट परत आल्यावर मी दोन दिवस घरी धड बोलत नव्हते. तिसऱ्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "मावशी, तीन वर्षांच्या नोंदी आहेत ना तुमच्याकडे? मग सूत्र मशीनलाच शोधू दे की."

मला वाटलं, एक्सेलमध्ये रेषा बसवतात तसलंच काहीतरी असणार. त्याने समजावलं ते वेगळं होतं. नेहमीच्या रिग्रेशनमध्ये सूत्राचा साचा आपण देतो आणि मशीन त्यात आकडे बसवतं. सिम्बॉलिक रिग्रेशनमध्ये साचासुद्धा मशीन शोधतं. आपण फक्त स्तंभ द्यायचे आणि कुठल्या क्रिया वापरायच्या ते सांगायचं: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ, घातांक. मशीन सुरुवातीला शेकडो सूत्रं नुसती अंदाजाने लिहितं. प्रत्येक सूत्र त्याच्या लेखी एक झाड असतं. फांद्यांवर क्रिया, टोकाला स्तंभ किंवा आकडे. जी झाडं मोजमापाच्या जवळ जातात ती टिकतात. मग एका झाडाची फांदी दुसऱ्यावर कलम करायची, कुठे एखादं पान बदलायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा निवडायचं, असं हजारो पिढ्या. जॉन कोझा यांनी १९९२ च्या पुस्तकात जेनेटिक प्रोग्रॅमिंग म्हणून ही पद्धत सविस्तर मांडली. भाच्याने वापरलं ते पायएसआर नावाचं मोफत पॅकेज.

आमच्या भागात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. पुढचे दोन गुरुवार आम्ही दोघं घरातल्या टेबलावर सात वह्या पसरून बसलो. मी वाचत होते, तो टाइप करत होता. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. 'वेळ' या एका शब्दाचे वहीत दोन अर्थ निघाले. पहिल्या शिफ्टने भट्टीचा काटा सेट पॉइंटला, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला, लागल्यापासून वेळ लिहिली होती, दुसऱ्या शिफ्टने काही महिने झाकण लावल्यापासून. चार्ट रेकॉर्डरचे जुने कागद काढून एकेक चार्ज तपासला, तेव्हा कुठे सगळ्या वेळा एका मापात आल्या. ४१२ चार्जपैकी ७४ गाळावे लागले. कुठे मध्येच वीज गेलेली, कुठे टेस्ट पीस हरवलेला, कुठे आकड्यावर तेलाचा डाग. ३३८ उरले. प्रत्येकाचे स्तंभ तेच: वेळ, तापमान, चार्जचं वजन, कार्बन पोटेन्शियल (भट्टीतल्या वायूची पोलादाला कार्बन देण्याची ताकद), केस डेप्थ.

एका दुपारी भाच्याने मला बेकन नावाच्या प्रोग्रॅमबद्दल सांगितलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पॅट लँगली यांनी तो लिहिला आणि त्याने ग्रहांच्या आकड्यांवरून केप्लरचा तिसरा नियम पुन्हा शोधून काढला: प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. ऐकताना माझ्या हातात तेलकट वही होती. माझ्या मनात आलं, त्या प्रोग्रॅमला काळ आणि अंतर हे दोनच स्तंभ तयार, स्वच्छ मिळाले होते. आकाशातल्या एवढ्या गोष्टींमधून नेमके तेच दोन निवडून मांडणं हे केप्लरचं अर्ध्या आयुष्याचं काम होतं. त्याआधी टायको ब्राहेने वर्षानुवर्षं घेतलेली मोजमापं होती. आमच्या टेबलावर त्या पायरीचं काम चालू होतं, आणि ते मशीन करणार नव्हतं.

पहिली चाचणी फक्त शेवटच्या वर्षाच्या ११८ चार्जवर घेतली. वीस मिनिटांत तक्ता आला. वर छोटी सूत्रं, खाली लांब लांब, प्रत्येकापुढे त्याची चूक. एका मधल्या सूत्राला भाचा थबकला. त्यात वर्गमूळ होतंच, पण शेवटी एक शेपूट होतं: ०.०००७ गुणिले चार्ज क्रमांक.

"हा स्तंभ चुकून गेला," तो म्हणाला. "क्रमांकाचा खोलीशी काय संबंध? काढून टाकतो."

तो काढायला निघाला आणि मी त्याचा हात धरला. ०.०००७ ला ११८ ने गुणलं तर ०.०८ मिलिमीटर येतात. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला जो चार्ज ०.९२ देत होता, तोच वर्षअखेरीस १.०० देणार. परत आलेला लॉट या वर्षाच्या नोंदींच्या अखेरचा होता. क्रमांक वाढतो तशी खोली वाढत असेल, तर क्रमांकाबरोबर भट्टीत दुसरं काहीतरी वाढत असणार. आमच्या तापमानाला दहा अंशांनी खोली साधारण सहा टक्के बदलते. ०.९२ चे १.०० व्हायला लागणाऱ्या आठ-नऊ टक्क्यांसाठी तेरा-चौदा अंश पुरतात.

शुक्रवारी सकाळी मी तपासलेला नवा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, भट्टीतल्या जुन्याशेजारी सोडला. जुना ९२५ दाखवत होता. नवा ९३८.

के टाइपचा थर्मोकपल अशा ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या वातावरणात हळूहळू खराब होतो. त्याच्या क्रोमेल तारेतलं क्रोमियम खाल्लं जातं आणि तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवू लागतो. मी हे कॉलेजात शिकले होते, ऑडिटमध्ये विचारलं तर उत्तरही दिलं असतं. पण तो महिन्याला एखादा अंश असा सरकत होता, आणि महिन्याला एक अंश डोळ्यांना दिसत नाही. कंट्रोलर बिचारा काटा ९२५ वर राहावा म्हणून भट्टी अधिकाधिक तापवत होता. वही खरं सांगत होती. तिला जे दिसत होतं, तेच तिच्यात होतं.

चार्ज क्रमांकाचा स्तंभ मग आम्ही खरंच काढला. त्याच्या जागी 'थर्मोकपल बदलल्यापासूनचे दिवस' हा स्तंभ आला. बदलीच्या तारखा खरेदीच्या बिलांवरून मिळाल्या. थर्मोकपल आता किती दिवसांनी बदलायचा तेही ठरवून टाकलं.

यानंतर सगळ्या ३३८ चार्जवर मशीन चालवलं. साठ चार्ज भाच्याने बाजूला काढून ठेवले, मशीनला दाखवलेच नाहीत. निघालेलं सूत्र त्यांच्यावर तपासायचं होतं.

या टप्प्यावर मला मशीनचा स्वभाव कळत गेला. चूक कमी करायला ते काहीही करतं. एका सूत्रात त्याने तासांमध्ये अंश सेल्सिअस मिळवले होते. आपण किलोमध्ये लिटर मिळवत नाही, पण त्याला फक्त आकडे दिसतात. भाच्याने सुरुवातीला साइनसुद्धा क्रियांच्या यादीत ठेवला होता, तर एका सूत्रात केस डेप्थ तापमानाबरोबर लाटेसारखी वरखाली होत होती. चूक छान कमी आली होती. मी साइन काढायला लावला, कारण पोलादात कार्बन मुरताना लाटा येण्याचं कारण नाही. तक्त्यातलं सगळ्यात लांब सूत्र चुकीच्या बाबतीत पहिलं होतं. त्यात मी बारा तास घालून पाहिले, तर खोली सहा तासांच्या खोलीपेक्षा कमी आली. आमच्याकडे बारा तासांचे चार्ज नव्हतेच, त्यामुळे तिथे त्याला अडवणारं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. निवडण्याजोग्या एकाही सूत्रात कार्बन पोटेन्शियल नव्हतं. भाचा म्हणाला, मग त्याचा परिणाम होत नसावा. परिणाम होतो, भरपूर होतो. पण तीन वर्षं आम्ही ते ०.९ च्या आसपास घट्ट धरून ठेवलं होतं. जे कधी हललंच नाही, त्याचा परिणाम मशीनला कुठून दिसणार? हे न समजता कुणी ते सूत्र घेऊन पोटेन्शियल ०.७ वर आणलं असतं, तर सगळ्या मालाची साल पातळ निघाली असती. आता सूत्राच्या कागदावर वरच लाल शाईने लिहिलं आहे की हे फक्त ०.९ साठी.

मशीनच्या तक्त्यात पहिल्या ओळींना अपेक्षेप्रमाणे तेच होतं: एक गुणक आणि वेळेचं वर्गमूळ. हॅरिसचा सांगाडा. चूक ०.०६ मिलिमीटर. त्याच्या दोन ओळी खाली चूक एकदम घसरून ०.०४ वर आली होती. सूत्र किंचितच लांब होतं. ०.५३ गुणिले वर्गमूळ, आणि वर्गमूळाच्या आत वेळ वजा ०.७.

०.७ तास म्हणजे ४२ मिनिटं. मशीन सांगत होतं की तुम्ही लिहिलेल्या वेळेतला जवळजवळ पाऊण तास मोजू नका, त्यात काहीच होत नाही. आणखी खाली तोच ०.७ उलगडलेला होता: ०.२५ अधिक ०.००१५ गुणिले चार्जचं वजन. ३०० किलोला ४२ मिनिटं, ४०० ला ५१, हलक्या चार्जला अर्धा तास.

मी तो कागद खिशात घालून भट्टीवर गेले. तिथे आमचे मामा असतात, आख्खं शॉप त्यांना मामाच म्हणतं. माझ्या आधीपासून ते भट्टीवर आहेत. त्यांच्या शिफ्टचे चार्ज नेहमी अचूक येतात हे सगळ्यांना माहीत होतं. ते तक्त्यापेक्षा जास्त वेळ चार्ज ठेवतात, हेही माहीत होतं. एका ऑडिटमध्ये तक्ता पाळत नाहीत म्हणून त्यांच्यावर शेरासुद्धा आला होता, आणि त्या दिवशी मी त्यांची बाजू घेतली नव्हती. कारण माझ्याकडेही तक्त्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

मी विचारलं, "मामा, तुम्ही तास कधीपासून मोजता?"

"जॉब तापल्यापासून."

"काटा लागल्यापासून ना?"

"काटा भट्टीचा असतो, ताई. भट्टी तापली म्हणजे जॉब तापला असं नसतं." ते मला झाकणाच्या पीप होलपाशी घेऊन गेले. "बघा. मागची भिंत कशी दिसते? आणि बास्केटचा मधला भाग?"

मी डोळा लावला. भिंत पिवळसर नारिंगी होती. बास्केटच्या कडेचे पिनियन तिच्यात मिसळून गेले होते, कुठे भिंत संपते आणि पोलाद सुरू होतं ते कळत नव्हतं. पण मधले अजून गडद लाल होते, एकेका दाताची कड वेगळी दिसत होती. कंट्रोलरवर ९२५ होऊन पंधरा मिनिटं झाली होती. आम्ही तिथेच उभे राहिलो. मधले पिनियन हळूहळू उजळत गेले, कडा पुसट होत गेल्या, आणि एका क्षणी बास्केट भिंतीत नाहीशी झाली.

"आता," मामा म्हणाले. "आता मोजा."

मी घड्याळ बघितलं. ४४ मिनिटं झाली होती. चार्ज ३१० किलोचा होता.

मी कागद दाखवून सांगितलं की मशीनने वह्यांवरून ४२ मिनिटं काढली आहेत. मामांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मग विचारलं, "वजनाचं पण कळलं का त्याला?" कळलं म्हटल्यावर त्यांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली. त्या दिवशी मला जे वाटलं ते लिहायला मला शब्द सापडत नाहीत. या माणसाला जे वीस वर्षं ठाऊक होतं, ते प्रत्येक चार्जच्या नोंदीत होतं, त्या नोंदींवर रोज माझी सही होती, आणि ते वाचता येईल असं आत्ता पहिल्यांदा समोर आलं होतं.

तापमानावरून मात्र माझा आणि भाच्याचा वाद झाला. मशीनने तापमानासाठी सरळ रेषा निवडली होती: इतके अंश वाढले की इतके टक्के. मला तिथे अऱ्हेनिअस या रसायनशास्त्रज्ञाचं घातांकी रूप, म्हणजे वर वर चढत जाणारा वक्र, हवं होतं, कारण विसरण तापमानाबरोबर तसंच वाढतं. भाच्याचं म्हणणं, दोन्हींची चूक सारखीच, मग छोटं का सोडायचं? त्याच्या जागी तो बरोबर होता. आमचे सगळे चार्ज ८८० ते ९४० च्या पट्ट्यात होते आणि एवढ्या अरुंद पट्ट्यात वक्र आणि रेषा एकमेकींवर बसतात. पण पुढे आम्हाला ९५० वर जायचं आहे. तिथे रेषा कमी खोली सांगेल आणि खरी जास्त येईल. दोन सूत्रं आकड्यांना सारखीच पटत असतील, तर निवडताना भौतिकशास्त्राला विचारावं, असं मी म्हटलं. शेवटी तापमानाचा भाग आम्ही हाताने लिहिला आणि बाकीचं मशीनला शोधू दिलं.

थांबायचं कुठे हा प्रश्न उरला. लांब सूत्रांची चूक ०.०३ च्याही खाली जात होती. मी लॅबमधल्या दोघांना एकच टेस्ट पीस वेगवेगळा मोजायला दिला, असे दहा पीस. दोघांच्या मोजणीतच ०.०२ ते ०.०३ चा फरक आला. म्हणजे त्याखाली मशीन पोलादाबद्दल काही शिकत नव्हतं, आमच्या मायक्रोस्कोपवरच्या डोळ्यांचा थरथराट पाठ करत होतं. वजनाची ओळ, अऱ्हेनिअस आणि थर्मोकपलचे दिवस, एवढ्यावर आम्ही थांबलो. बाजूला ठेवलेल्या साठ चार्जवर चूक ०.०३ आली. जुन्या तक्त्याची त्याच साठवर ०.०६ होती.

डिसेंबरपासून सूत्र वापरात आहे. पहिले दोन आठवडे मी प्रत्येक चार्जला स्वतः उभी राहिले. अंदाज ०.९१, मोजणी ०.९३. अंदाज १.२२, मोजणी १.२०. एकदा अंदाज ०.८८ आणि मोजणी ०.७९, तेव्हा पोटात गोळा आला. त्या चार्जमध्ये खोल आंधळी भोकं असलेले बुश होते आणि टेस्ट पीस त्यांच्या आडोशाला लटकवला होता. वायू तिथे फिरतच नव्हता. सूत्रात आडोशाचा स्तंभ नाही. बुशचे चार्ज आता वेगळ्या वहीत लिहितो. पन्नास-साठ झाले की त्यांचं वेगळं चालवू.

दुसऱ्या भट्टीसाठी हेच सूत्र वापरायचं नाही असं ठरलं. तिचं अस्तर वेगळं आहे, पंखा नवा आहे. तिच्या नोंदी पहिल्यापासून करायच्या. नवी वही आणली आणि स्तंभ आखायला मी मामांना बसवलं. वजन, झाकण लावलं ती वेळ, काटा लागला ती वेळ, असं आखून झाल्यावर त्यांनी एक रिकामा स्तंभ सोडला आणि डोक्यावर पेनने लिहिलं, 'रंग जुळला'. शुक्रवारच्या पहिल्या चार्जची नोंद त्यांच्याच हातची आहे. झाकण ७.४०, काटा ८.५५, रंग ९.२८.